पिकण्याआधी तोडलेले फळ

व्हिडिओ गेम विकत घेणाऱ्या ग्राहकाची एक तक्रार गेली कित्येक वर्षे जगभर सारखीच ऐकू येते. चार-पाच हजार रुपये मोजून नवा खेळ घरी आणावा, मोठ्या उत्साहाने सुरू करावा आणि पहिल्याच संध्याकाळी तो मध्येच थिजावा, पात्रे भिंतीत रुतून बसावीत, तासन्‌तास खेळून मिळवलेले सारे क्षणात पुसले जावे. कंपनी मग दिलगिरी व्यक्त करते आणि दुरुस्तीचा पॅच धाडते. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा बहुप्रतीक्षित खेळ प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या यंत्रांवर इतक्या सदोष अवस्थेत आला, की सोनी कंपनीला आठवडाभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून ग्राहकांना पैसे परत देऊ करावे लागले. सहा महिन्यांनी तो पुन्हा विक्रीस ठेवण्यात आला.

माल तयार होण्यापूर्वीच बाजारात लोटण्याची ही खोड नवी नाही. या धंद्याच्या इतिहासात तिचे अनेक बळी आहेत. त्यांपैकी सर्वांत चटका लावून जाणारे नाव गुन्पेई योकोई या जपानी अभियंत्याचे म्हणावे लागेल. ज्या माणसाने तीस वर्षे केवळ पारखून घेतलेल्या, स्वस्त आणि भरवशाच्या तंत्रज्ञानाचाच आग्रह धरला, त्याच्याच नावावर घाईने बाजारात आलेल्या एका अपुऱ्या यंत्राचा डाग लागला.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योतो येथे झाला. तेथीलच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. वर्गात फार चमकणाऱ्यांपैकी ते नव्हते. पदवीनंतर मोठ्या विद्युत कंपन्यांत त्यांची वर्णी लागली नाही आणि १९६५ मध्ये ते निंटेंडो या स्थानिक कंपनीत नोकरीस लागले. आज हे नाव व्हिडिओ गेमचा पर्याय बनले असले, तरी त्या वेळी निंटेंडो म्हणजे हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते छापणारा कारखाना होता. १८८९ मध्ये फुसाजिरो यामाउची यांनी तो सुरू केला होता आणि आता त्यांचे पणतू हिरोशी यामाउची करड्या शिस्तीने तो चालवत होते. पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल हे योकोई यांचे काम. यंत्रे क्वचितच बिघडत, त्यामुळे या पदवीधराकडे वेळच वेळ असे.

रिकाम्या वेळात त्यांनी गंमत म्हणून कात्रीसारख्या पट्ट्या एकमेकींत गुंफून एक लांबणारा हात तयार केला. मुठी दाबल्या, की तो पुढे झेपावे आणि दूरची वस्तू पकडे. कारखान्यात फेरी मारणाऱ्या यामाउचींनी हा उद्योग पाहिला आणि योकोई यांना कार्यालयात बोलावले. आता बोलणी खावी लागणार, अशा समजुतीने गेलेल्या या तरुणाला अध्यक्षांनी त्याचे विक्रीयोग्य खेळणे बनवण्यास सांगितले. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते बाजारात आले आणि त्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले. देखभालीचा कामगार कंपनीच्या नव्या खेळणी विभागाचा कणा झाला.

पुढची काही वर्षे योकोई यांनी एकामागून एक खेळणी काढली. त्यांतल्या दोन खेळण्यांवरून त्यांच्या विचारांची जात कळते. १९६९ चा ‘लव्ह टेस्टर’ हे वरकरणी प्रेम मोजणारे यंत्र होते. आत होता फक्त साधा विद्युतप्रवाह मोजणारा काटा. मुलगा आणि मुलगी यांनी एकमेकांचा हात धरून दुसऱ्या हातात एकेक गोळा पकडला, की काटा हले. काटा किती हलला यापेक्षा हात धरण्यास निमित्त मिळाले, हेच त्या काळच्या संकोची जपानी तरुणांना हवे होते. दुसरे खेळणे १९७२ ची ‘लेफ्टी आरएक्स’ ही दूरनियंत्रित मोटार. तेव्हा अशा मोटारी इतक्या महाग होत्या, की सामान्य घरातील मुलाने त्यांची आशाच धरू नये. योकोई यांनी नियंत्रणाचे बहुतेक भाग काढून टाकले. गाडी सरळ जाई किंवा डावीकडे वळे, उजवीकडे वळतच नसे. पण गोल मैदानात शर्यत लावायची तर उजवे वळण हवे कशाला? किंमत आवाक्यात आली.

या गाडीत दोष होता असे कोणीही म्हटले नाही. विकत घेणाऱ्याला तिची मर्यादा आधीच ठाऊक होती, आणि त्या मर्यादेत ती चोख चाले. कमी देणे आणि अपुरे देणे यांतला हा फरक योकोई यांच्या पुढील सर्व कामाच्या मुळाशी आहे. नवीन शोध लागला, की त्यावर झडप घालू नये. तो जुना व्हावा, मुबलक बनू लागावा, त्याच्या खोडी सर्वांना कळाव्यात, मग त्याचा कोणी न केलेला उपयोग शोधावा, असे त्यांचे मत होते. यासाठी ते वापरत असलेल्या जपानी शब्दाचा अर्थ वाळलेले, कोमेजलेले असा होतो. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत त्याला जून म्हणता येईल.

या मताला येण्यापूर्वी त्यांना एक चटका बसला होता. १९७३ मध्ये निंटेंडोने ओस पडलेल्या बोलिंगच्या जागांमध्ये ‘लेझर क्ले’ नावाची नेमबाजीची दालने उघडली. खऱ्या गोळ्यांऐवजी प्रकाशाच्या बंदुकीने पडद्यावरील तबकड्या टिपायच्या, अशी ही योकोई यांची कल्पना. पहिल्या दालनाच्या उद्घाटनाला वार्ताहर जमले आणि ऐन वेळी यंत्रणा बिघडली. तेव्हा गेन्यो ताकेदा या तरुण अभियंत्याने पडद्यामागे जाऊन तबकड्या आणि गुण हाताने हलवले. समोरच्यांना पत्ताही लागला नाही. वेळ निभावली, धंदा मात्र निभावला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलसंकटाने जपान हादरला, मागण्या रद्द झाल्या आणि निंटेंडो कर्जात बुडाली. ते कर्ज फिटायला सत्तरचे दशक संपावे लागले.

ते ज्या वस्तूने फेडले, तिची कल्पना योकोई यांना रेल्वेत सुचली. शेजारचा एक नोकरदार कंटाळा घालवण्यासाठी खिशातल्या गणनयंत्राच्या कळा उगाच दाबत बसला होता. प्रौढ माणसालाही प्रवासात लपवून खेळता येईल असे छोटे यंत्र काढले तर? एके दिवशी अध्यक्षांचा मोटारचालक आजारी पडला. डाव्या बाजूला चाक असलेली परदेशी गाडी चालवण्याची सवय असलेल्या योकोई यांना यामाउचींची कॅडिलॅक हाकावी लागली. कंपनीच्या एका अभियंत्याने अध्यक्षांची गाडी हाकावी, हे त्यांना फारसे मानवले नसावे. निदान कामाचे काही बोलावे म्हणून त्यांनी ही कल्पना सांगितली. यामाउचींनी ती त्याच बैठकीत शार्प कंपनीच्या अध्यक्षांच्या कानी घातली. गणनयंत्रांच्या बाजारातील जीवघेण्या स्पर्धेमुळे शार्पचे पडद्यांचे कारखाने तेव्हा नवे गिऱ्हाईक शोधतच होते.

‘गेम अँड वॉच’ या मालिकेतील पहिला खेळ एप्रिल १९८० मध्ये बाजारात आला. तत्पूर्वी एक अडचण उभी राहिली होती. पडद्याचे दोन थर एकमेकांना चिकटले, की प्रकाशाची इंद्रधनुषी वलये उमटत आणि चित्र बिघडे. थरांवर अगदी सूक्ष्म उंचवटे उठवून त्यांच्यात फट राखण्याची युक्ती सापडली, मगच माल पुढे सरकला. ग्राहकाच्या डोळ्यांना काय दिसेल, याचा हा आग्रह लक्षात ठेवण्यासारखा आहे. या मालिकेचे जगभरात ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले. १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या दुघडी यंत्रासाठी योकोई यांनी अधिक चिन्हाच्या आकाराची दिशादर्शक कळ बनवली. अंगठा न उचलता चारही दिशा साधणारी ही कळ पुढे जवळपास प्रत्येक गेम यंत्रावर आली. नव्वदच्या दशकात आपल्याकडे फॅमिकॉमच्या ज्या स्वस्त नकला घरोघरी आल्या आणि ज्यांत मुले ‘कॅसेट’ बदलून मारिओ खेळत, त्यांच्या नियंत्रकावर डाव्या अंगठ्याखाली असणारे ते अधिक चिन्ह याच माणसाचे. खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचे नाव ठाऊक होते.

हा सारा विस्तार होत असताना समुद्रापलीकडे अमेरिकेत मोठी पडझड झाली, आणि योकोई यांच्या पुढील कामाशी तिचा निकटचा संबंध आहे. अटारी कंपनीने १९८२ मध्ये गाजलेल्या ‘पॅकमॅन’ची घरगुती आवृत्ती काढली. ती मूळ खेळाशी इतकी विसंगत होती आणि तिच्यातली भुते इतकी लुकलुकत, की लाखो मुलांचा विरस झाला. त्याच वर्षी स्पीलबर्ग यांच्या ‘ई.टी.’ चित्रपटाचे हक्क अटारीने जुलैमध्ये मिळवले. नाताळची विक्री साधायची, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रामरला संपूर्ण खेळासाठी सुमारे पाच आठवडे देण्यात आले. एरवी अशा खेळाला कित्येक महिने लागत. खेळातला ई.टी. पुनःपुन्हा खड्ड्यांत पडे आणि बाहेर निघता निघेना. आजी-आजोबांनी नातवंडांना नाताळची भेट म्हणून आणलेली ती काडतुसे जानेवारीत दुकानदाराच्या टेबलावर परत आली.

येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागते. त्या काळी खेळ ज्या चिपमध्ये असे, तिच्यावरचा मजकूर कारखान्यात कायमचा कोरलेला असे. एकदा काडतूस विकले, की त्यातील चूकही कायमची विकली गेली. आजच्यासारखा पॅच पाठवण्याची सोय नव्हती. ग्राहकाच्या हाती दोनच उपाय होते, परत करणे किंवा पुन्हा त्या कंपनीच्या वाटेला न जाणे. अमेरिकन ग्राहकाने दोन्ही केले. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न खपलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्दो गावच्या कचराभूमीत पुरला. ही दंतकथाच असावी असे पुष्कळांना वाटे. एप्रिल २०१४ मध्ये खोदकाम झाले आणि काडतुसे खरोखरच वर आली. अर्थात सारी जबाबदारी एका खेळावर टाकणे अन्यायाचे होईल. कोणीही उठावे आणि वाटेल तसला खेळ काढावा, असा तो बाजार झाला होता. पण अमेरिकेतील अब्जावधी डॉलरची ही उलाढाल दोनच वर्षांत पार आटली आणि दुकानदार व्हिडिओ गेम हा शब्दही ऐकून घेईनात.

निंटेंडोने या पडझडीचा धडा घेतला. तिच्या घरचाही एक अनुभव ताजा होता. जुलै १९८३ मध्ये जपानात आलेले तिचे फॅमिकॉम यंत्र मासायुकी उएमुरा यांनी रचले होते. सुरुवातीच्या काही यंत्रांतील एका चिपमध्ये दोष निघाला आणि खेळ मध्येच बंद पडू लागले. ऐन हंगामाच्या तोंडावर यामाउचींनी यंत्रे परत मागवून त्यांचा मुख्य फलक बदलून देण्याचा निर्णय घेतला. तोटा मोठा होता, पण नाव राहिले.

अमेरिकेत १९८५ मध्ये उतरताना निंटेंडोने काडतुसांत कुलूप-चिप बसवली, बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला पाचच खेळ काढण्याची अट घातली आणि तपासलेल्या खेळांवर सोनेरी मोहर छापली. मोहरेचा खेळ चांगलाच असे, असे नाही. पण तो चालेल, एवढा भरवसा त्यात होता. दुकानदारांचे दार उघडण्यासाठी मात्र योकोई यांच्या विभागाने बनवलेला ‘रॉब’ नावाचा छोटा यंत्रमानव कामी आला. व्हिडिओ गेम नको म्हणणारा दुकानदार यंत्रमानवाचे खेळणे मात्र घेई. या रॉबसाठी पुढे दोनच खेळ निघाले, आणि तो इतका हळू हले, की मुले त्याला लवकरच कोपऱ्यात ठेवीत. ग्राहकाशी चोख वागणाऱ्या योकोई यांच्या कारकीर्दीतील ही पहिली फट म्हणता येईल. वस्तू दाराआड शिरण्यासाठी होती, खेळण्यासाठी नव्हे.

त्यांचे सर्वांत मोठे यश यानंतरचे. हातात मावणारे, काडतूस बदलता येणारे यंत्र काढायचे ठरले. योकोई यांनी रंगीत पडदा नाकारला, मागचा प्रकाशही नाकारला. बॅटरी टिकली पाहिजे आणि मुलाच्या हातून पडले तरी फुटता कामा नये, या दोन अटी मात्र सोडल्या नाहीत. काटकसरीच्या भरात त्यांनी जो पडदा निवडला, तो समोरूनच काय तो दिसे. जरा तिरका झाला, की चित्र नाहीसे होई. यामाउचींनी नमुना हातात घेतला आणि काहीच दिसत नाही, हे विकता येणार नाही, असे स्पष्ट सांगून काम थांबवले. शार्पने तोवर या कामासाठी मोठी गुंतवणूक करून ठेवली होती. त्या दिवसांत योकोई यांना अन्न गोड लागेना आणि त्यांचे वजन घटले. अखेर पडद्याचा प्रकार बदलून मार्ग निघाला. २१ एप्रिल १९८९ रोजी ‘गेम बॉय’ जपानात विक्रीला आला.

प्रतिस्पर्ध्यांनी त्याची टिंगल केली. अटारीचा लिंक्स आणि सेगाचा गेम गिअर यांचे पडदे रंगीत आणि उजळ होते. पण सहा पेन्सिल सेल काही तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर कित्येक पट अधिक चाले. आखाती युद्धात जळून काळाठिक्कर पडलेला एक गेम बॉय चालू अवस्थेत न्यूयॉर्कमधील निंटेंडोच्या दुकानात अनेक वर्षे मांडून ठेवला होता. रंगीत आवृत्ती धरून या यंत्राची विक्री ११ कोटी ८६ लाखांवर गेली. अध्यक्षांनी नमुना अडवला नसता तर काय झाले असते, हा प्रश्न येथे मनात ठेवावा, कारण सहाच वर्षांनी नेमके उलटे घडले.

अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यातील रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी या छोट्या कंपनीने डोळ्यांना लावून पाहायचा एक पडदा तयार केला होता. लाल दिव्यांची एकच उभी ओळ आणि तिच्यासमोर वेगाने हेलकावणारा आरसा. आरसा ती ओळ आडवी पसरवी आणि डोळ्यांना पूर्ण चित्र भासे. दोन डोळ्यांना दोन किंचित भिन्न चित्रे दिली, की खोली दिसे. हे तंत्र घेऊन तो अनेक कंपन्यांच्या दारी फिरला होता. बहुतेकांनी नकार दिला. योकोई मात्र भारावले. गेम बॉयच्या यशानंतर सगळेच सपाट पडद्यावर तेच ते करत आहेत, असे त्यांना वाटू लागले होते. काळ्या पार्श्वभूमीत पडद्याच्या कडाच दिसत नाहीत, अथांग पोकळी वाटते, ही गोष्ट त्यांना फार भावली. लाल रंगही त्यांच्या नेहमीच्या हिशोबातूनच आला. लाल दिवे स्वस्त होते आणि वीज कमी खात. निळे दिवे तेव्हा नुकतेच शक्य झाले होते आणि अतिशय महाग होते.

म्हणजे दिवे जून होते, पण ज्या अनुभवासाठी ते वापरायचे, तो अगदी हिरवा होता. माणसाच्या डोळ्यांवर आणि डोक्यावर त्याचा काय परिणाम होईल, याची पुरेशी पारख कोणालाच नव्हती. मला वाटते, योकोई यांची चूक शोधायची तर ती येथे सापडते. स्वतःच्याच नियमाचा अर्धा भाग त्यांनी पाळला.

पुढे कल्पनेतून एकेक गोष्ट गळत गेली. मूळ विचार डोक्यावर घालायच्या यंत्राचा होता. डोळे झाकून चालताना कोणी पडले, अपघात झाला तर काय, ही धास्ती होती. जपानात उत्पादकाला सदोष मालासाठी जबाबदार धरणारा नवा कायदा जुलै १९९५ पासून अमलात येत होता. तेव्हा यंत्राला दोन पाय जोडून ते टेबलावर ठेवण्यात आले. डोके वळवले, की दृश्य वळावे ही सोयही गेली. उरले ते एक जड, लाल-काळे दुर्बिणीसारखे खोके. ते खांद्यावर घेता येईना, की दिवाणखान्यात सर्वांना मिळून पाहता येईना. खेळणाऱ्याने वाकून त्यात तोंड खुपसायचे. सात वर्षांखालील मुलांनी वापरू नये असा इशारा छापावा लागला आणि खेळ मध्येच थांबवून विश्रांतीची आठवण देण्याची सोय करावी लागली. खेळण्याच्या वेष्टनावर डोळ्यांविषयीची सूचना वाचून कोणत्या आईबापांना ते घ्यावेसे वाटेल?

अशा अवस्थेतील यंत्राला आणखी वर्षभर मुरू देणे शहाणपणाचे ठरले असते. तेवढा वेळ कंपनीकडे नव्हता. सेगाचे सॅटर्न आणि सोनीचे प्लेस्टेशन १९९४ च्या अखेरीस जपानात येऊन थडकले होते. निंटेंडोचे पुढचे मोठे यंत्र, जे पुढे निंटेंडो ६४ म्हणून आले, ते लांबणीवर पडत होते. कंपनीची सारी माणसे आणि पैसा त्या यंत्राकडे वळवायचा होता आणि मधली पोकळीही भरायची होती. योकोई यांचे यंत्र आहे त्या रूपात बाजारात धाडण्यात आले, असे या इतिहासाच्या बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. घाई केवळ निंटेंडोचीच होती असे नाही. सेगाने अमेरिकेत सप्टेंबरमध्ये आणायचे जाहीर केलेले सॅटर्न अचानक मे १९९५ मध्येच विक्रीस काढले. खेळ मोजके, दुकानदार बेसावध आणि नाराज. त्या वर्षी साऱ्या धंद्यालाच घाईची बाधा झाली होती.

‘व्हर्च्युअल बॉय’ २१ जुलै १९९५ रोजी जपानात १५ हजार येनला आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत सुमारे १८० डॉलरला विक्रीस आला. नावातच आभासी जगाचे आश्वासन होते. पेटी उघडणाऱ्याला लाल रेघांची चित्रे आणि मान अवघडणारी बैठक मिळाली. अनेकांचे डोळे दुखले, डोके ठणकले. दोघांनी मिळून खेळण्यासाठी यंत्राला एक जोडणी ठेवली होती. तिच्यात लावायची तार कंपनीने कधी विकलीच नाही. अमेरिकेत टेनिसचा खेळ पेटीत फुकट मिळे, पण टेनिस एकट्यानेच खेळायचे. खोली हाच ज्या वस्तूचा सारा गुण, तो दूरचित्रवाणीच्या वा मासिकाच्या जाहिरातीत दाखवता येत नव्हता. म्हणून अमेरिकेत ब्लॉकबस्टर या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांतून ते भाड्याने देण्यात आले. लोकांनी दोन दिवस नेले, पाहिले आणि विकत घेण्याचा विचार सोडून दिला. किंमत पुन्हा पुन्हा उतरवली गेली. जपानात डिसेंबर १९९५ मध्ये, म्हणजे पाचच महिन्यांत, विक्री आटोपली. अमेरिकेत पुढच्या वर्षी. युरोपात ते गेलेच नाही. कंपनीने सुमारे ३० लाख यंत्रांचा अंदाज बांधला होता. गेली साधारण ७ लाख ७० हजार. त्यासाठी एकंदर २२ खेळ निघाले, त्यांपैकी १४ अमेरिकेला मिळाले. ज्याने पहिल्याच महिन्यात पूर्ण किमतीला यंत्र घेतले, त्याच्याजवळ वर्षभरात नवा खेळ न येणारे एक खोके उरले. त्याच्या त्या पैशांचा हिशोब कोणी केला नाही. पुढे संग्राहकांना या यंत्रातील आणखी एक खोट कळली. पडद्याची तार डाखाऐवजी गोंदाने चिकटवलेली होती. काही वर्षांत गोंद सुटे आणि चित्रात आडव्या चिरा पडत.

योकोई यांनी अपयशाची जबाबदारी झटकली नाही. निंटेंडोत त्यांना वाळीत टाकले गेले, अपमानास्पद कामे दिली गेली, अशा कथा पुष्कळ प्रसृत आहेत. त्यांवर फार विसंबू नये. स्वतः योकोई यांनी आपल्या जाण्याचा त्या यंत्राशी संबंध नसून पन्नाशीनंतर स्वतंत्र काम करण्याचा विचार जुनाच होता, असे सांगितले. एवढे खरे, की त्यांनी लगेच नोकरी सोडली नाही. आधी गेम बॉयची लहान, हलकी आणि स्वच्छ पडद्याची ‘पॉकेट’ आवृत्ती त्यांनी पूर्ण केली. ती जुलै १९९६ मध्ये आली, आणि त्याच वर्षी निघालेल्या पोकेमॉनने मरगळलेल्या गेम बॉयला दुसरा जन्म दिला. दोन यंत्रे तारेने जोडून प्राण्यांची देवाणघेवाण करायची, हा त्या खेळाचा प्राण. ती जोडणी गेम बॉयमध्ये सुरुवातीपासून होती. ऑगस्ट १९९६ मध्ये ३१ वर्षांच्या नोकरीनंतर योकोई यांनी निंटेंडोचा निरोप घेतला.

क्योतोतच त्यांनी कोतो नावाची छोटी कंपनी काढली आणि बांदाई या खेळणी कंपनीसाठी नव्या हातयंत्राच्या रचनेस हात घातला. काळा-पांढरा पडदा, अल्प किंमत आणि केवळ एक पेन्सिल सेल! पुन्हा जुनीच वाट. ते यंत्र पाहण्यास ते राहिले नाहीत. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील होकुरिकु महामार्गावर ते ज्या मोटारीत होते, तिची पुढच्या ट्रकशी टक्कर झाली. नुकसान पाहण्यासाठी ते खाली उतरले असता मागून आलेल्या गाडीने त्यांना धडक दिली. वय अवघे ५६. मार्च १९९९ मध्ये बांदाईचे ‘वंडरस्वॉन’ जपानात ४,८०० येनला विक्रीस आले. त्याबरोबरच्या कोड्याच्या खेळाला ‘गुन्पे’ असे त्यांचेच नाव दिले होते.

निंटेंडोने आपल्या जुन्या उजी कारखान्याच्या वास्तूत ऑक्टोबर २०२४ मध्ये संग्रहालय उघडले. तेथे ‘अल्ट्रा हँड’ आजही चालवून पाहता येतो, आणि मांडलेल्या यंत्रांच्या रांगेत ते लाल-काळे खोकेही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने व्हर्च्युअल बॉयचे खेळ नव्या यंत्रावर पुन्हा देण्याची घोषणा केली. त्यासाठी जे साधन विकायचे ठरले, ते हुबेहूब जुन्या आकाराचे आहे. त्यालाही तेच दोन पाय आहेत आणि खेळणाऱ्याने त्यातही वाकूनच पाहायचे आहे.